फ्यूजची दुसरी कॉइल

काही माणसांना काहीही येत नसतं, आणि ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्या जगाला ठाऊक असते. फ्यूज त्यातलाच. तोंडावर गल्ली त्याला 'साहेब' म्हणायची आणि पाठ वळली की 'फ्यूज'. हे नाव कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. साहेब कुणाकडे काही दुरुस्त करायला गेले की निम्म्या गल्लीचा फ्यूज उडायचा, त्यावरून पडलं होतं.

आयुष्यभर यानं केलं काय? वीज खात्याच्या कोठारात बसून फ्यूज, तारा आणि बल्ब काढून दिले आणि घेणाऱ्याची सही घेतली. बस्स. औषधाच्या दुकानाबाहेर झोपणाऱ्या कुत्र्याचा डॉक्टरकीशी जेवढा संबंध, तेवढाच याचा विजेशी. पण कोठाराच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता आणि त्यावर चारदोन सूत्रं लिहिलेली होती. रिकामपणी ती वाचून वाचून याची पाठ झाली. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, तसं झालं. निवृत्त होऊन घरी आला तो हातात टेस्टर घेऊनच. शर्टाच्या खिशात पेन लावावं तसा तो टेस्टर. कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरानवरीच्या आधी स्विचबोर्डाची विचारपूस. स्वतःची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा हा खाटेवर उभा राहून वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवत होता. ट्यूबलाइट गेली. आई नंतर गेली.

घरात याच्या हातून सुटलेली एक वस्तू नव्हती. दाराची बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा मंद व्हायचा. पंखा पाचावर लावला तर थांबायचा आणि दोनावर लावला तर वादळ. एकदा यानं इस्त्री दुरुस्त केली आणि बायकोनं हात लावताच तिला असा झटका बसला की ती भिंतीवर जाऊन आदळली. कोपर सुजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. हा धावत आला, इस्त्री उचलून नीट न्याहाळली आणि म्हणाला, "तू ओल्या हातानं धरली असशील."

हात कोरडे होते. पण 'चुकलं' हा शब्द या माणसाच्या तोंडात देवानं घातलेलाच नव्हता. बायकोनं त्या दिवशी कोपर चोळत चोळत वाट पाहिली होती, की आता म्हणेल, नंतर म्हणेल, निदान जेवताना तरी म्हणेल. जेवताना त्यानं आमटी गार आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिच्या मनात नवऱ्याबद्दल जे काही उरलं होतं ते आटत गेलं, आणि तळाला राहिला तो निव्वळ तिटकारा. तोही ती दाखवायची नाही. 'हो का?' एवढंच म्हणायची. या दोन शब्दांत किती कचरा मावतो हे त्याला कधी कळलं नाही.

पाहुणा आला की मग विचारूच नका. बिचाऱ्याचं बिस्किट चहात बुडतंय न बुडतंय तोवर हा सुरू. "सांगा बरं, दोनशे व्होल्ट आणि दोन अँपिअर, तर वॅट किती?" पाहुणा बावचळायचा. बिस्किट कपात पडायचं. "चारशे! व्होल्ट गुणिले अँपिअर, बरोबर वॅट. आणि रेझिस्टन्स? व्होल्ट भागिले अँपिअर. शंभर ओहम! शेंबडं पोर सांगेल." पाहुणा पुन्हा म्हणून येत नसे. पण आतल्या खोलीत चहा गाळता गाळता बायकोच्या कानावर हे इतकी वर्षं पडत होतं, की पाहुण्याच्या आधी तिचंच उत्तर तयार असायचं. तिला त्यात गोडी होती असं नव्हे. रोज शेजारचा रेडिओ ऐकून जाहिराती पाठ होतात, तसं ते झालं होतं.

घराच्या मागं एक खोली होती. कौलारू, एक खिडकी, कोपऱ्यात मोडकी सायकल. त्या खोलीवर दोघांचाही डोळा होता. फ्यूजला तिथं 'वीजशास्त्र वर्ग' काढायचा होता. गल्लीतली पोरं ज्ञानाअभावी वाया चालली आहेत, असं त्याचं म्हणणं. बायकोला तिथं पिल्लं काढायची होती. तिनं परसात कोंबड्या पाळल्या होत्या, चांगल्या जातीच्या, आणि त्यांच्या पिल्लांना आजूबाजूला मागणी होती. कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसेल तेव्हा बसेल, तिच्या मर्जीवर धंदा होत नाही. पलीकडच्या वस्तीत एक म्हातारी वर्षानुवर्षं अंडी उबवायची. तिचे हात थकले तेव्हा तिनं आपलं उबवणीचं कपाट फ्यूजच्या बायकोला दिलं.

कपाट साधंच होतं. लाकडी, दाराला काचेची एक लहान खिडकी, खाली तापणारी कॉइल, वर जाळीचे ट्रे आणि एक थर्मामीटर. आत पुरेशी ऊब झाली की कॉइल आपोआप बंद व्हायची आणि बाहेरचा तांबडा दिवा विझायचा. ऊब उतरली की दिवा पुन्हा लागायचा. म्हातारीनं देताना एवढंच सांगितलं, "बाई, थर्मामीटरवर विश्वास ठेव. माणसांवर नको."

फ्यूज मागच्या खोलीत येऊन कपाटाभोवती दोन फेऱ्या मारून गेला. मग खुर्चीत बसून निवाडा दिला. "अंड्यांचा एक घाणा काढून बघ. पिल्लं निघाली तर खोली तुझी. नाही निघाली तर दुसऱ्या दिवसापासून माझा वर्ग. मान्य?"

"मान्य," ती म्हणाली.

आता लक्षात घ्या, तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या म्हणून चार भिंती कुठं नव्हत्या. माहेरी भावांच्या खोल्या, सासरी सासूचं स्वयंपाकघर, आणि मग हा. त्या मोडक्या खोलीसाठी तिनं ट्रे घासले, फटी बुजवल्या, चाळीसेक अंडी निवडून लावली आणि दिवसातून तीनदा एकेक अंडं हातानं फिरवायला लागली.

फ्यूजला हे बघवेना. आपल्या घरात विजेवर चालणारी वस्तू आहे आणि तिच्यात आपला हात नाही! त्यानं कोठारातून कधीकाळी आणलेले दोन मीटर काढले, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, आणि कपाटाच्या कपाळावर बसवले. ते मात्र त्यानं, नवल म्हणजे, बरोबर बसवले. पिढ्यान्‌पिढ्या बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं. व्होल्टचा काटा दोनशेवर आणि अँपिअरचा एकावर. फ्यूजनं छाती फुगवली. "दोनशे गुणिले एक, दोनशे वॅट! दोनशे भागिले एक, दोनशे ओहम! लिहून ठेव."

"हो का?" ती म्हणाली. लिहून कशाला ठेवायचं, पाठच होतं.

पहिला आठवडा छान गेला. तिनं एक अंडं अंधारात बल्बसमोर धरून पाहिलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मधे एक ठिपका धडधडताना दिसला. ती तशीच उभी राहिली. मग गार पडेल म्हणून तिनं अंडं घाईनं परत ठेवलं. त्या दिवशी नवऱ्याला वाढताना प्रथमच तिच्या कपाळाला आठी नव्हती.

मग थंडी वाढली. पहाटे थर्मामीटर एखाद्या अंशानं खाली दिसायला लागला. म्हातारीनं हेही सांगून ठेवलं होतं की थंडीत कपाटाला जुनी गोधडी गुंडाळ, भागतं. बायको गोधडी शोधत होती. तेवढ्यात फ्यूजनं विचारलं, "काय झालं?" आणि तिनं, कर्माची गोष्ट, सांगितलं.

"ऊब कमी पडते? मला नाही का सांगायचं?"

ती बाजारातून परत येईपर्यंत यानं कारभार उरकला होता. कुठूनतरी तशीच दुसरी कॉइल पैदा केली होती आणि पहिल्या कॉइलच्या शेपटीला तिचं तोंड जोडून दिलं होतं. म्हणजे वीज पहिलीतून निघणार, मग दुसरीतून जाणार, आणि मग परत. एकामागे एक, रांगेत. खोलीच्या भिंतीवर खडूनं भलंमोठं सूत्र लिहिलेलं होतं आणि खाली हा उभा, हातात खडू, चेहऱ्यावर तेज.

"हे बघ. उष्णता म्हणजे काय? करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. आधी रेझिस्टन्स दोनशे होता. आता दोन कॉइल, म्हणजे चारशे. रेझिस्टन्स दुप्पट, तर ऊब दुप्पट! इतकी साधी गोष्ट. म्हातारीला इतकी वर्षं सुचली नाही."

अरे उंटावरच्या शहाण्या! रेझिस्टन्स म्हणजे वाटेतला अडथळा. तो दुप्पट केलास तर करंट तेवढाच राहील होय? तो निम्मा होणार. आणि तू ज्याचा वर्ग करून राहिलायस तो हाच करंट. निम्म्याचा वर्ग म्हणजे चौथाई, चौथाईची दुप्पट म्हणजे निम्मी. दोन कॉइल मिळून एका कॉइलच्या निम्मी ऊब. कोठारातल्या तक्त्यात हेही लिहिलेलं होतं, एक ओळ खाली. पण एक ओळ खाली वाचायची तर मान वाकवावी लागते, आणि यानं जन्मात कधी मान वाकवली नव्हती.

बायकोनं भिंतीकडे पाहिलंच नाही. तिनं कपाटाच्या कपाळाकडे पाहिलं. व्होल्टचा काटा दोनशेवर होता आणि अँपिअरचा अर्ध्यावर.

"अहो," ती म्हणाली, "काल इथं एक होता. आज अर्धा आहे. दोनशे गुणिले अर्धा म्हणजे शंभर. तुमच्याच हिशेबानं ऊब निम्मी झाली."

पाहुण्यांच्या कपातलं बिस्किट बोलायला लागलं असतं तरी फ्यूज इतका दचकला नसता. मग त्यानं मीटरच्या काचेवर टिचकी मारली.

"काटा चिकटलाय."

"आणि थर्मामीटर उतरतोय त्याचं काय?"

"म्हातारीचाच ना तो? बिघडलाय." त्यानं थर्मामीटर सरळ काढून टेबलाच्या खणात टाकला. "आणि हा दिवा बघ की! आधी सारखा विझायचा. आता विझतोय का? अखंड जळतोय. यावरून काय ते समज."

समजलं होतं तिला. पुरेशी ऊब होत नव्हती म्हणून दिवा विझत नव्हता. तिनं दारातून हात आत घालून पाहिला. ट्रेवरची हवा, निवत चाललेल्या तव्यासारखी, कोमट. अंडी हाताला गार लागली.

"काढा ती कॉइल."

"म्हणे काढा! तुला विजेतलं काय कळतं?"

"अहो, जीव आहेत त्यात."

"म्हणूनच तर दुप्पट ऊब दिली. उपकार मान." आणि कपाटाला हात लावायचा नाही अशी ताकीद देऊन तो संध्याकाळच्या फेरफटक्याला निघाला. चौकात बसून लोकांच्या चुका काढणं हा त्याचा व्यायाम होता.

पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? आज तिनं कॉइल काढली तर उद्या तो पुन्हा लावणार, परवा तिसरी जोडणार. वाद घालत बसायला अंड्यांकडे वेळ नव्हता. तिनं टोपलीत चिंध्या अंथरल्या, एकेक अंडं पदराच्या उबेत घेऊन आत ठेवलं, वर टॉवेल टाकला. खणातला थर्मामीटर कमरेला खोचला आणि गल्ली ओलांडून थेट नणंदेच्या घरी गेली.

नणंद म्हणजे फ्यूजची सख्खी थोरली बहीण. एकटीच राहायची. भाऊ तिनं लहानपणापासून बघितला होता, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही.

"वन्सं, एक खोकं हवंय. आणि दोन बल्ब."

"त्यानं काय केलं ते आधी सांग."

तिनं सांगितलं. नणंदेनं कपाळावर हात मारला. "अगं, हा जन्मला तेव्हासुद्धा घरातली लाइट गेली होती. आई बिचारी म्हणायची, शुभशकुन असेल."

दोघींनी पुठ्ठ्याचं मोठं खोकं आतून चिंध्यांनी मढवलं. दोन बल्ब, दोघांची वायर वेगळी, दोन्ही आपापल्या प्लगनं थेट बोर्डात. कुणी कुणाच्या शेपटीला बांधलेला नाही. म्हणून दोन्ही पुऱ्या तेजानं पेटले आणि तासाभरात थर्मामीटर हवा तिथं आला. फार वर गेला की एक बल्ब बंद, उतरला की चालू. कपाटासारखं आपोआप काही नव्हतं, पण दोघी आळीपाळीनं बसायच्या. नणंदेला रात्रीची झोप तशीही येत नसे, म्हणून ती खुशीत होती. दुसऱ्या दिवशी एकेक अंडं बल्बसमोर धरलं. काही अंड्यांतला ठिपका थांबला होता. ती बाजूला काढताना बायकोचे डोळे भरून आले आणि तिनं नवऱ्याला एक अस्सल शिवी दिली. नणंदेनं तिला आणखी एक सुचवली.

बाकीच्यांत ठिपका हलत होता.

पण कपाटाचं काय? रिकामा ट्रे फ्यूजच्या नजरेला पडला तर घर डोक्यावर घेणार आणि अंडी ओढत परत आणणार. काच धुरकट होती, त्याची नजर अधू, आणि वाकून बघण्याची सवय नाही. तिनं टोपलीतले लहानसे, गुळगुळीत बटाटे निवडले, ट्रेवर ओळीनं मांडले आणि वरून पातळ फडकं टाकलं.

फ्यूज रोज सकाळी काचेला नाक लावायचा. "हललं! पाहिलंस?"

"मला नाही दिसलं."

"तुला नाही दिसायचं. नजर लागते त्याला."

दिवसातून एकदा, त्याला दिसेल असं, ती फडक्याखाली हात घालून बटाटे फिरवायची. तो मागून सूचना द्यायचा. "हळू, हळू! आत जीव आहे." तिला इतकं हसू फुटायचं की पदर तोंडात धरावा लागायचा. त्याला वाटायचं भावना अनावर होतात बाईला. एक दिवस तर त्यानं फडक्यावरूनच एका बटाट्यावर मायेनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "साल जरा खरखरीत आहे. जातिवंत आहे." आता सांगा, याला काय म्हणायचं?

तिचा बेत सरळ होता. पिल्लं फुटायची वेळ आली की अंडी गुपचूप कपाटात परत ठेवायची, बटाटे काढायचे, पिल्लं निघाली की खोली आपली. कॉइलचा विषय काढायचाही नाही. याच्याकडून 'चुकलं' ऐकायची हौस तिनं केव्हाच सोडून दिली होती. तिला खोली हवी होती, बस्स.

तो बेत मोडला तो पाटीमुळे. एक दिवस ती नणंदेकडून परत येते तर अंगणात पेंटर बसलेला. फळीवर 'वीजशास्त्र वर्ग' रंगवून झालं होतं, खाली बाण काढायचं चाललं होतं. बाण मागच्या खोलीकडे.

"हे काय?" तिनं विचारलं. "घाण्याचं ठरलंय ना आपलं? अजून पिल्लं निघायचीयत."

"निघणारच आहेत," फ्यूज पेंटरच्या खांद्यावरून म्हणाला. "कुणाच्या कॉइलनं निघणार आहेत? माझ्या. असा जिवंत पुरावा हाताशी असताना वर्ग काढायचा नाही तर काय करायचं? ऑफिसातल्या जुन्या साहेबांनाही बोलावलंय बघायला. गल्लीही येणार आहे."

"आणि नाही निघाली तर?"

"तर खोली माझीच ठरलीय की." त्यानं पेंटरला बाण जरा ठळक करायला सांगितला.

म्हणजे छापा पडला तरी याचा आणि काटा पडला तरी याचाच. ती तिथंच उभी राहिली. पुढ्यात लाल रंगाचा ओला बाण, आणि तो तिच्या खोलीत घुसलेला. रागानं तिचे कान तापले. इतके दिवस तिनं अंडी वाचवली ती याच्या पाटीला पुरावा म्हणून? तिच्या जागरणावर हा पोरांना शिकवणार? मग ती शांतपणे आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. बटाटे काढायचे नाहीत, हे तिनं पाणी उकळायच्या आत ठरवलं.

पिल्लं फुटायच्या दिवशी मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी आला होता, लाँड्रीवाला आला होता, चौकातली सगळी मंडळी आली होती. जुने साहेब मधल्या खुर्चीत. फ्यूजनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, इस्त्री अर्थात लाँड्रीतली. खिशात टेस्टर. त्यानं भिंतीवरच्या सूत्रावरून छडी फिरवली, रेझिस्टन्स दुप्पट तर ऊब दुप्पट हे सांगितलं, म्हातारीचं अज्ञान सांगितलं, थर्मामीटरची लबाडी सांगितली. जुन्या साहेबांच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या.

"आणि आता," फ्यूज म्हणाला, "पुरावा!"

त्यानं दार उघडलं आणि फडकं ओढलं.

ट्रेवर बटाटे होते. कोमट उबेत त्यांना मस्त मोड आले होते. पांढरे, जाडजूड, बोटबोटभर मोड, सगळे काचेच्या दिशेनं वळलेले. दोनचार बटाटे सडून त्यांचा वास सुटला होता. लाँड्रीवाल्यानं नाकाला रुमाल लावला. शिंप्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि मग खोलीभर जे हसू फुटलं ते आवरेना. जुने साहेब खुर्चीत गदगदत होते.

"अंडी कुठायत?" फ्यूज ओरडला.

त्याच वेळी दारातून नणंद आत आली. दोन्ही हातांत खोकं, आणि खोक्यातून असा चिवचिवाट, की हसणारे सगळे गप्प झाले. पिवळी, करडी, ओली, अर्धी वाळलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर धडपडत होती. एक तर अजून कवचातून डोकं तेवढं बाहेर काढून बसलं होतं.

"दोन बल्बवर काढलीत," नणंद म्हणाली. "वहिनीनं. तुझ्या कॉइलपासून पळवून."

बायको कपाटापाशी गेली. तिचा आवाज जराही चढला नाही. "साहेब, तुम्हीच वाचा. व्होल्ट किती?"

"दोनशे," जुने साहेब म्हणाले.

"अँपिअर?"

"अर्धा."

"वॅट?"

"शंभर." साहेबांनी चष्मा पुसला. "एका कॉइलवर दोनशे असणार. अरे बाबा, रांगेत जोडलीस तू ती. निम्मी झाली ऊब."

सगळी खोली फ्यूजकडे बघत होती. बायकोही बघत होती. आणि इथं, इतक्या वर्षांनी, तिच्याही नकळत, तिच्या मनात ते जुनं कोपर दुखायला लागलं. आता तर म्हणेल. एवढ्या माणसांत, एवढ्या बटाट्यांपुढे, आता पळायला जागा कुठाय? एक शब्द. तो शब्द आला असता ना, तर तिनं पाटीसकट निम्मी खोली त्याला दिली असती. खरंच दिली असती.

फ्यूजनं ट्रेमधला एक बटाटा उचलला. उलटसुलट करून पाहिला.

"पण मोड तर आलेत," तो म्हणाला. "ऊब असल्याशिवाय येतील होय?"

पडला तरी नाक वर. जुने साहेब उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून गल्ली निघाली. अंगणातून बराच वेळ हसणं ऐकू येत राहिलं.

बायकोनं त्याच्या खिशातला टेस्टर काढून घेतला. आजवर त्या खिशाला तिनं धुण्याखेरीज कधी हात लावला नव्हता. तिनं स्विच बंद केला, प्लग उपसला, टेस्टरच्या टोकानं दुसऱ्या कॉइलचे स्क्रू सोडवले आणि पहिल्या कॉइलच्या तारा म्हातारीनं दिल्या तेव्हा जशा होत्या तशा जोडल्या. फ्यूज शेजारी उभा राहून मीटरच्या काचेवर टिचक्या मारत होता. टक. टक. टक. तिनं प्लग लावला, स्विच दाबला. अँपिअरचा काटा उचलला गेला आणि एकावर जाऊन थांबला.

"बघ," फ्यूज म्हणाला. "म्हटलं नव्हतं, चिकटलाय म्हणून? टिचकी मारल्यावर सुटला."

तिनं 'हो का?' म्हटलं नाही. तेवढेही शब्द आता याच्यावर खर्च करावेसे वाटेनात. तिनं बटाटे टोपलीत भरून टोपली त्याच्या हातात दिली. अंगणातली पाटी आत आणली, अक्षरांची बाजू खाली करून जमिनीवर टाकली, वर भुसा पसरला आणि पिल्लं तिच्यावर सोडली. मग नवऱ्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.